राऊटरवरचं विरजण

१

आमच्या राऊटरवर विरजण फार छान लागायचं. ज्यांना यात नवल वाटेल त्यांनी पौष महिन्यात कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडला राहून दही लावून बघावं. सकाळी भांड्यात दूधच असतं, फक्त जरा नाराज झालेलं. यावर माझ्या बायकोनं, श्यामलानं, उपाय शोधला. हॉलमधल्या शोकेसवर फायबरचं राऊटर असतं आणि ते सदा तापलेलं असतं. तिनं त्यावर दह्याचं स्टीलचं भांडं ठेवलं आणि ऊब टिकावी म्हणून भांड्यासकट राऊटरला पोराची जुनी कानटोपी चढवली. टोपीच्या डोळ्यांच्या जागेतून हिरवे दिवे लुकलुकायचे. घरात येणारा माणूस आधी तिकडं बघून दचकायचा, मग मला नमस्कार करायचा.

मी विजयसिंह. निवृत्त भूगोल शिक्षक, त्यामुळे गल्लीत सगळे नुसतं सर म्हणतात. चौतीस वर्षं मुलांना अक्षांश-रेखांश शिकवले, आणि रोजचं तापमान वहीत लिहायची सवय अजून सुटलेली नाही. अकरा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. घरात मला फिका चहा मिळतो आणि पाहुण्याला माझ्यासमोर दोन चमचे साखर घातलेला. माणसाचा स्वभाव यानंही बिघडू शकतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

आमचा एकुलता एक मुलगा राजवर्धन टोरांटोला असतो. चौदा महिन्यांपूर्वी, दिवाळीत, तो फोनवर म्हणाला, "पप्पा, मी इथंच कायमचं राहायचे कागद करतोय." मी म्हणालो, "मग वरची तुझी खोली भाड्यानं देतो." तो म्हणाला, "द्या की." मी फोन ठेवला, वर गेलो आणि त्याच्या खोलीला कुलूप घातलं. खोली कुणाला भाड्यानं दिली नाही, देणारही नव्हतो. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि वाईट वाटलं की मी वाकडं बोलतो. पण हे त्याला सांगायला जीभ रेटली नाही. "चुकलं माझं" हे दोन शब्द मी दाढी करताना आरशासमोर म्हणून बघितले आहेत. तिथंसुद्धा नीट जमले नाहीत.

दर रविवारी संध्याकाळी साडेसातला तो आईला व्हिडिओ कॉल करायचा. तेवढी दहा मिनिटं मी बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालायचो. त्या पाण्यानं तीन गुलाब आणि एक जास्वंद कुजली, पण मी नियम मोडला नाही.

मग राऊटर फारच तापायला लागलं. बोलणं सुरू होऊन दोन मिनिटं झाली, की पोराचा चेहरा थिजायचा आणि कॉल तुटायचा. असं सलग तीन रविवार झालं. तिसऱ्या रविवारी तुटता तुटता तो म्हणाला, "आई, आधी नेट नीट करून घ्या, मग बोलू." चौथ्या रविवारी त्याचा कॉल आलाच नाही. श्यामला टॅबलेट मांडीवर घेऊन बसून राहिली आणि जेवताना एक शब्द बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे काय, हे तिला पेठ वडगावच्या बाजारात मेथीचा भाव करताना ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. मी ठरवलं, आता राऊटर नीट करायचंच.

२

सोमवारी सयाजी आला. दारात माणूस दिसला की श्यामला स्वयंपाकघरातूनच आवाज देते.

"कोण पायजे, पावणं?"

"राऊटर बघायला आलोय, काकू."

"बसा. च्या टाकते. साखर किती?"

"दोन चमचे."

ते दोन चमचे पडल्याचा आवाज मी हॉलमध्ये बसून ऐकला.

सयाजी पन्नाशीचा गडी. आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचा, आता फायबरच्या ओढतो. माझा विद्यार्थी, आणि भूगोलात त्याला पस्तीस मार्क मीच दिले होते. त्यातले सहा माझ्या पदरचे होते. त्यानं कानटोपी उचलली, भांड्यात डोकावला आणि माझ्याकडं वळला.

"सर, ह्ये राऊटर हाय. चूल न्हवं."

"त्ये ठावं हाय," श्यामला म्हणाली. "पर दही कसं लागलंय बघा की." आणि तिनं त्याला वाटीभर दिलं.

सयाजीनं वाटी चाटून पुसून संपवली. "दही एक नंबर हाय, काकू. पर राऊटर मरंल."

टोपी गेली, भांडं खाली उतरलं. तासाभरानं त्यानं माझ्या लॅपटॉपवर राऊटरचं पान उघडून दाखवलं. त्याचा पासवर्ड राऊटरच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर होता आणि तो कागद ताकानं भिजलेला होता, त्यामुळे आठ अक्षरं लावायला आम्हा दोघांना चार वेळा चष्मा पुसावा लागला. पानावर आतलं तापमान दिसत होतं. एकाहत्तर अंश. मी लगेच वही काढली.

"दही काढलं तरी उतरंना," सयाजी म्हणाला. "सर, ह्याच्या आत एक सॉफ्टवेअर असतंय, फर्मवेअर म्हंत्यात. तुमचं पाच वर्सं जुनं हाय. त्यामुळं ह्यो डबा नको ती कामं करत बसतोय आणि तापतोय. ह्या बटणावनं अपडेट मारायचं. तीन अपडेट हायत. एका दमात मारू नका, मधी दोन-तीन दिवस जाऊ द्या. पायरी सोडायची न्हाय."

"आणि काही बिघडलं तर?"

"मागं ह्ये बारीक भोक हाय न्हवं का? त्यात पिन घालून धा सेकंद दाबायची. सगळं पुसून पयल्यासारकं."

श्यामलानं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. मी ती शर्टाच्या खिशाला लावून ठेवली.

३

पहिलं अपडेट मी त्याच संध्याकाळी केलं. दिवे विझले, बराच वेळ काही झालं नाही, मग एकेक करून परत लागले. तापमान अठ्ठावन्न. वहीत लिहून मी खाली रेघ मारली, आणि मला शाळेतल्यासारखं वाटलं.

मंगळवारी दुपारी तीन वाजता मी आतल्या खोलीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडलो होतो. कोल्हापुरात दुपारी तीनला कुणी कुणाला फोन करत नाही. तसा फोन आलाच तर तो बँकेचा असतो किंवा कुणीतरी गेल्याचा. हॉलमध्ये टॅबलेट वाजला आणि श्यामलाचा आवाज आला, "राजू? आज कसा काय रं?"

"सहज केला, आई. काय केलंवतं जेवायला?"

"दोडका."

"दोडका तर मला लई आवडतो."

मी उठून बसलो. या मुलानं नऊ वर्षांचा असताना दोडक्याची भाजी ताटासकट शेजाऱ्यांच्या पत्र्यावर फेकली होती. मी स्वतःला समजावलं, की परदेशात एकटं राहिलं की माणसाला दोडक्याचंही प्रेम येत असेल. परत आडवा झालो, पण वर्तमानपत्र तोंडावर घेतलं नाही.

तो चाळीस मिनिटं बोलला. आईच्या गुडघ्याची चौकशी केली. समोरच्या तानाबाईंच्या नातीचं लग्न कुठं ठरलं ते विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. एकदाही "बिझी आहे" म्हणाला नाही. बुधवारी तीनला परत कॉल, गुरुवारी परत. कॉल एकदाही तुटला नाही.

श्यामला बदलली. ती ओटा पुसताना गुणगुणायला लागली. बुधवारी तिनं शिरा केला आणि मलाही एक चमचा दिला. तिला तसं बघून मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडी असूयाही वाटली, कारण गेल्या तेहतीस वर्षांत माझ्याशी बोलून ती कधी गुणगुणलेली नव्हती.

फक्त एक गोष्ट मला टोचत होती. कोल्हापूर चौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे आणि टोरांटो एकोणऐंशी पश्चिम. इथं दुपारचे तीन म्हणजे तिथं पहाटेचे साडेचार. माझ्या मुलानं या घरात असताना सकाळी दहाच्या आधीचा सूर्य बघितलेला नव्हता.

गुरुवारी चष्मा शोधायचं निमित्त करून मी श्यामलाच्या पाठीमागून गेलो. पडद्यावर राजवर्धन होता, हसत होता, जरा भरलेला दिसत होता. त्याच्या मागच्या भिंतीवर पिवळंधमक ऊन पडलं होतं.

जगातल्या पुष्कळ गोष्टींबद्दल माझी खात्री नाही. पण जानेवारीत टोरांटोला पहाटे साडेचारला ऊन पडत नाही, एवढं मी परीक्षेत चार मार्कांना विचारलेलं आहे.

४

"बॅकग्राऊंड लावता येतंय, सर," सयाजी फोनवर म्हणाला. "मागं पायजे त्ये चित्र लावायचं. माझा मेव्हणा जयसिंगपुरात बसून मागं गोव्याचा समुद्र लावतोय. बायकूला बी पटतंय."

मला ते इतकं पटलं, की त्याच आनंदात मी दुसरं अपडेट करून टाकलं. तापमान चव्वेचाळीस. राऊटरवर हात ठेवला तर नुसतं कोमट लागलं.

शुक्रवारी चित्र फारच स्वच्छ आलं. मी आता चष्मा न शोधताच श्यामलाच्या मागं उभा राहिलो. राजवर्धन वाटीतून काहीतरी खात होता. कुरुमकुरुम आवाज येत होता. श्यामलाचा भाऊ गेल्या आठवड्यात जयसिंगपूरहून भडंग घेऊन आला होता आणि तो डबा रोज थोडा थोडा रिकामा होत होता. त्यावरून श्यामलानं मला दोनदा बोलून घेतलं होतं आणि मी दोनदा देवाशपथ सांगितलं होतं, की मी नाही. पोराच्या हातातल्या वाटीला निळी किनार होती. तसल्या सहा वाट्या आमच्याकडं होत्या. स्वयंपाकघरात जाऊन मोजल्या. पाच निघाल्या.

वाटी हरवते. निळ्या किनारीच्या वाट्या कॅनडातही मिळत असतील. मी परत येऊन उभा राहिलो.

मग मला भिंतीवरच्या उन्हात खिडकीच्या गजांची सावली दिसली. सात गज होते आणि डावीकडून तिसरा मधेच बाहेरच्या अंगाला वाकलेला होता.

तो गज मी ओळखतो. राजवर्धन सहा वर्षांचा असताना त्याचं डोकं वरच्या खोलीच्या खिडकीत अडकलं होतं. उद्यमनगरातून फॅब्रिकेशनवाला बोलवावा लागला. त्यानं गज वाकवला, डोकं सुटलं, आणि पोरगं म्हणालं, "पप्पा, परत एकदा." गज सरळ करायचा मी पंचवीस वर्षं विचार करतोय.

"पप्पा कुठायत, आई?" पडद्यावरच्यानं विचारलं.

"मागं तर हुबं हायत," श्यामला म्हणाली. मी तिथून निघून कुंड्यांना पाणी घातलं.

शनिवारी मी प्रयोग केला. तीन वाजून दहा मिनिटांनी श्यामला बोलत असताना मी शोकेसमागं हात घालून राऊटरचा प्लग उपसला. सगळे दिवे विझले.

"मग ती काय म्हणाली, आई?" राजवर्धन विचारत होता. आवाज जराही हलला नाही. मी प्लग हातात घेऊन वीस मिनिटं उभा होतो आणि तेवढ्यात त्यांचं तानाबाईंच्या व्याह्यांबद्दल सगळं बोलून झालं.

"मोबाईल डेटावर गेलं असंल," सयाजी फोनवर म्हणाला.

"टॅबलेटला सिम नाही."

"मग शेजाऱ्याचं नेट धरलं असंल, सर. तुमच्या गल्लीत पासवर्ड कोण ठेवतंय?"

त्याला पस्तीसच्या जागी चाळीस द्यायला हवे होते, असं मला त्या वेळी वाटलं.

५

रविवारी सकाळी ताटात दही होतं. सुरीनं कापावं असं घट्ट. मी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला थांबलो. राऊटर गार होतं. बाहेर अकरा अंश होते. "मग हे विरजण लागलं कुठं?" मी विचारलं.

"वर," श्यामला पोळी उलटत म्हणाली.

मी जिना चढलो. सगळ्यात वरच्या पायरीवर, राजवर्धनच्या बंद खोलीच्या दाराला टेकवून, दुसऱ्या विरजणाचं भांडं ठेवलेलं होतं आणि त्याला कानटोपी घातलेली होती. कुलूप जागेवर होतं, त्यावर चौदा महिन्यांची धूळही होती. मी दारावर तळवा ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं लाकूड लागलं. मी हात लगेच काढला नाही. बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

आत कसलाच आवाज नव्हता. पण रिकाम्या खोलीत आवाज नसतो तो वेगळा, आणि आतलं कुणीतरी बोलता बोलता थांबलं की होतो तो वेगळा. चौतीस वर्षं मी वर्गाच्या दाराबाहेर उभा राहून हा फरक ओळखत आलोय.

खाली आलो. "ते दार गरम का आहे?"

"मला काय म्हाईत? भूगोल तुमी शिकीवलाय."

"श्यामला, वर कोण आहे?"

तिनं पोळी तव्यावरून काढली, तूप लावलं, मग माझ्याकडं बघितलं. "किल्ली खिळ्याला हाय. उघडून बघा की."

"बघू," मी म्हणालो.

तिला माहीत होतं, की मी बघणार नाही. "पोरगं रोज बोलतंय माझ्याशी," ती हळू आवाजात म्हणाली. "नीट बोलतंय. मला आनि काय पायजे?"

थंडी वाजत होती म्हणून मी माझा तपकिरी स्वेटर शोधायला गेलो, ज्याच्या कोपराला श्यामलानं तपकिरी लोकर संपली म्हणून हिरव्यानं रफू केलंय. खुंटीवर नव्हता. कपाटातही नव्हता. त्या रविवारी संध्याकाळी साडेसातला टॅबलेट वाजला नाही आणि श्यामलानं त्याची वाटही बघितली नाही.

६

सोमवारी तिसरं अपडेट केलं. का केलं, असं कुणी विचारेल. दोन केली होती म्हणून केलं. पायरी सोडायची नाही, एवढं एकच मी आयुष्यभर पाळलंय. या वेळी पानावर एक ओळ आली, की हे बसवल्यावर आधीच्या आवृत्तीवर परत जाता येणार नाही. मी हो म्हटलं.

तापमान एकोणीस. मी खोलीतलं बघितलं, चोवीस होतं. राऊटर खोलीपेक्षा गार झालं होतं.

"मग तर झकास," सयाजी म्हणाला.

"अरे, पण ती उष्णता गेली कुठं?"

"उष्णता जात न्हाय, सर. नुसती जागा बदलती. तुमीच शिकीवलंय."

"मी भूगोल शिकवायचो."

"मग सायन्सच्या बाईंनी शिकीवलं असंल."

संध्याकाळी सात वाजता मी गच्चीत जाऊन माझ्या मोबाईलवरून राजवर्धनला फोन लावला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. तिथं सकाळचे साडेआठ वाजले होते. आवाजाला आकाशात जाऊन यायला लागतो तेवढा वेळ गेला आणि त्यानं उचलला. मागं बसचा घरघराट होता, कुणीतरी इंग्रजीत थांब्याचं नाव सांगत होतं. हा खरा होता. दोन शब्दांतच कळलं, कारण त्याला घाई होती.

"हां पप्पा, बोला पटकन. काही राहिलं का?"

"राहिलं म्हणजे?"

"आत्ता अर्ध्या तासापूर्वी तर बोललो की आपण."

माझ्या हातातला मोबाईल गार होता आणि कान तापले होते. मी विचारलं, "काय बोललो?"

"बरे आहात ना?" तो हसला. खूप वर्षांत मी त्याचं माझ्यासाठीचं हसणं ऐकलं नव्हतं. "रोजचंच. पप्पा, एक सांगू? मंगळवारी पहिल्यांदा तुमचा फोन आला आणि तुम्ही चुकलं माझं म्हणालात ना, मी तेव्हा बसमधून उतरून स्टॉपवर बसलो होतो. ऑफिसला उशीर झाला. मला वाटलंच नव्हतं, की तुम्ही कधी तसं म्हणाल."

मी कठड्याला धरलं. मंगळवारी मी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलो होतो. त्याला सांगायला हवं होतं, की तो मी नव्हतो. पण ते सांगितलं तर त्याच्याजवळ काय उरलं असतं? भाड्यानं द्यायची खोली उरली असती.

"आणि आई कशी आहे?" तो म्हणाला. "बरेच दिवस तिच्याशी बोललो नाही. तुम्ही म्हणता ती मजेत आहे, म्हणून मी पण निवांत आहे."

"मजेत आहे," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं. "तू दोडका खातोस का रे हल्ली?"

"दोडका? काहीही काय, पप्पा. चला, माझा स्टॉप आला."

७

मंगळवारी सकाळपासून मी सेफ्टी पिन हातात घेऊन फिरत होतो. मला काय हवंय ते मला पक्कं कळलं होतं. माझी माफी मला स्वतःच्या तोंडानं मागायची होती. दहा सेकंद पिन दाबली, की सगळं पहिल्यासारखं. मग श्यामलाचा तीन वाजताचा मुलगा जाईल, राजवर्धनचा संध्याकाळचा बाप जाईल, आणि उरलेला खरा बाप फोन लावून त्याला सगळं सांगेल. जमेल का, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

तीन वाजले. टॅबलेट वाजला नाही. तो टेबलावर काळा पडून होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, दाबायच्या आधी एकदा वर जाऊन यावं.

आठव्या पायरीवरच ऊब लागली. बाराव्या पायरीवर आवाज ऐकू आला. कुलूप तसंच होतं, धूळही तशीच. आत माझा आवाज बोलत होता.

"अरे, खोली तुझीच आहे. मी कुणाला देतोय भाड्यानं? त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं, म्हणून तसं बोललो. चुकलं माझं."

आरशासमोर मला जसं म्हणायचं असायचं, अगदी तसंच. ना अडखळणं, ना घसा खाकरणं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण मला रडू आलं.

दाराच्या दोन फळ्यांत बोटाएवढी फट आहे. मी डोळा लावला. ऊन होतं. उन्हात वाकलेल्या गजाची सावली होती. पलंगाच्या कडेवरून मोजे घातलेली दोन पावलं हलत होती. राजवर्धन गृहपाठ करताना अशीच हलवायचा. आणि अलीकडं खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. तपकिरी स्वेटर होता. कोपराला हिरवी लोकर.

पावलं हलायची थांबली. मी वळलो आणि खाली आलो. किती पायऱ्या सोडल्या ते मोजलं नाही.

हॉलमध्ये हुडहुडी भरेल एवढी थंडी होती. राऊटरवर दव धरलं होतं. मी ते उलटं केलं, भोक सापडलं, पिन उघडली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कोण पायजे, पावणं?"

श्यामला दारात आली. हातात रिकामा ट्रे होता. पदराला हात पुसत तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, अदबीनं, जसं अनोळखी माणसाकडं बघतात तसं.

"श्यामला," मी म्हणालो. "अगं, मी."

नाव ऐकून तिच्या कपाळाला आठी पडली. "सरांकडं आलाय व्हय? सर वर हायत, त्येंचा च्या आत्ताच दिऊन आले. पोराशी बोलत्यात." आणि मग तिचा चेहरा असा उजळला, की तसा तो मी लग्नानंतर दोनदाच बघितला होता. "चौदा म्हैन्यांनी बोलत्यात बाप-ल्योक. हसत्यात बी."

मी पिनेकडं बघितलं. दहा सेकंद म्हणजे काही फार नव्हते. वर कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात एक आवाज माझा होता.

"राऊटर बघायला आलोय," मी म्हणालो.

"बघा की. पर बंद तेवडं करू नका."

"नाही करत," मी म्हणालो. पिन मिटवून खिशाला लावली आणि राऊटर सरळ करून जागेवर ठेवलं.

"बसा," ती आत जात म्हणाली. "च्या टाकते. साखर किती?"

मी माझ्याच खुर्चीच्या कडेवर बसलो.

"दोन चमचे," मी म्हणालो.